घट्ट खडकातलं तेल आणि केमिकलचं पाणी: गणपतीत विचारलेले आणि नंतरही येत राहिलेले प्रश्न

मी मूळचा गुहागरकडचा, नोकरी पनवेलच्या बाजूला एका लॅबमध्ये, काम म्हणजे खडकाच्या छोट्या तुकड्यांतून कधी खारं पाणी तर कधी केमिकलचं पाणी ढकलायचं आणि तेल किती बाहेर आलं ते मोजायचं. बारा वर्षं हेच चाललंय. दर गणपतीला घरी गेलो की "तू नक्की करतोस काय रे?" इथून सुरू होतं आणि आरतीपर्यंत संपत नाही, मग वर्षभर व्हॉट्सॲपवर तेच. म्हणून यावेळी सगळं एका जागी लिहून टाकलंय. प्रश्न ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने आहेत, कोणी परीक्षेला वापरू नये.

तेल समुद्राखाली तळ्यासारखं साठलेलं असतं ना? मग पाइप घालून ओढून घ्यायचं, त्यात एवढं काय?

नाही हो तात्या. खाली तळं नाही, गुहाही नाही, आहे तो नुसता खडक, आणि तेल त्याच्या बारीक बारीक छिद्रांत मुरलेलं असतं, पावसाळ्यात चिऱ्याच्या भिंतीत पाणी मुरतं ना, तसं. बॉम्बे हायमध्ये, म्हणजे आताच्या मुंबई हायमध्ये, तेल मुख्यतः चुनखडकात आहे. फेब्रुवारी १९७४ मध्ये सागर सम्राट या समुद्रात विहीर खणणाऱ्या रिगने तिथे तेल शोधलं, मे १९७६ पासून उत्पादन सुरू झालं. मुंबईपासून साधारण १६० किलोमीटर आत समुद्रात, पाणी ७५ मीटरच्या आसपास, आणि तेलाचा मुख्य थर तळाच्याही खाली हजार मीटरपेक्षा जास्त खोल.

विहीर खणली की सुरुवातीला खालच्या दाबाने तेल आपोआप वर येतं. दाब उतरला की येणं मंदावतं. मग दुसऱ्या विहिरींतून पाणी मारायचं, दाब टिकवायचा आणि तेल पुढे रेटायचं. एवढं सगळं करूनही जगभरचा सरासरी हिशोब काढला तर खडकातल्या तेलापैकी एक तृतीयांशाच्या आसपासच वर येतं, बाकीचं तिथेच राहतं. आमचं दुकान त्या राहिलेल्या तेलावर चालतं.

पर्मिॲबिलिटी पर्मिॲबिलिटी म्हणतोस ते काय?

हे समजायला कोकणासारखी जागा नाही. आपल्याकडे पाऊस ३००० मिलिमीटर पडतो आणि एप्रिल-मेमध्ये टँकर येतो, बरोबर? कारण सड्यावरचा जांभा म्हणजे चाळण, पडलं पाणी की गेलं खाली, तिथून उतारावर झऱ्यांनी बाहेर, दिवाळीनंतर विहिरीचं पाणी रोज उतरताना दिसतं. जांभ्यातून पाणी पटकन जातं, म्हणजे पर्मिॲबिलिटी जास्त. पण विहीर खणताना जांभ्याच्या खाली ती पांढरट-गुलाबी चिकणमाती लागते ना, ती कायम ओली असते, मुठीत दाबली तर हात ओला होतो, पण तिच्यातून विहिरीत पाणी काही येत नाही. पोकळी आहे, पाणी आहे, पण वाट नाही.

पोकळी किती ती पोरॉसिटी, आणि वाट किती मोकळी ती पर्मिॲबिलिटी. या दोन गोष्टी लोक कायम एक समजतात, अगदी इंजिनिअरिंगची पोरंसुद्धा.

मोजायचं एकक डार्सी. हेन्री डार्सी हा फ्रेंच इंजिनिअर, दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम करायचा, त्याने वाळूतून पाणी किती वेगाने गळतं याचा नियम १८५६ मध्ये छापला. आजही अख्खी तेल इंडस्ट्री त्याच नियमावर चालते, आणि तो मुळात नळपाणी योजनेचा माणूस होता ही गोष्ट मला फार आवडते.

एक डार्सी म्हणजे काय तर एक सेंटिमीटरचा घन घ्या, साखरेच्या चौकोनी वडीएवढा खडक, एका बाजूने एक ॲटमॉस्फिअर जादा दाब द्या, तर दुसऱ्या बाजूने सेकंदाला एक मिली पाणी येईल. आता तोच खडक एक मिलिडार्सीचा असेल तर तेच एक मिली पाणी यायला १००० सेकंद, म्हणजे साधारण १७ मिनिटं. आणि ०.१ मिलिडार्सीचा असेल तर पावणेतीन तास. एका मिलीला! आणि हे वडीएवढ्या तुकड्याचं झालं, खाली दोन विहिरींमध्ये पाचशे पाचशे मीटर अंतर असतं.

मग "लो पर्मिॲबिलिटी" कशाला म्हणायचं? रेषा कुठे?

देशोदेशी वेगळी. साधारण ५० मिलिडार्सीच्या खाली गेलं की लोक कमी म्हणायला लागतात, १० च्या खाली चांगलंच कमी, आणि १ च्याही बरंच खाली उतरलं की टाइट. आकड्यावर भांडण्यात अर्थ नाही. माझ्यापुरती रेषा सोपी आहे: पंप लावून जेवायला गेलो आणि परत आल्यावर नळकांड्यात काहीच जमलेलं नसलं तर तो घट्ट खडक.

पाणी मारलं की तेल पुढे सरकतंय, मग केमिकल कशाला?

कारण पाणी सगळं तेल सरकवत नाही, थोडं सरकवतं आणि उरलेलं थेंबाथेंबाने छिद्रांत अडकवून पुढे निघून जातं. अडकवतो तो पृष्ठताण. तेल आणि पाणी यांच्यामधला ताण असतो साधारण ३० मिलिन्यूटन प्रति मीटर. ऐकायला काहीच नाही. पण घट्ट खडकात एका छिद्रातून दुसऱ्या छिद्रात जायचा गळा, म्हणजे पोअर थ्रोट, अर्ध्या मायक्रॉन त्रिज्येचा धरा (आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो), तर त्या गळ्यातून तेलाचा एक थेंब ढकलायला १.२ बारपर्यंत दाब लागतो. १.२ बार म्हणजे १२ मीटर खोल भरलेल्या विहिरीच्या तळाला जेवढा पाण्याचा दाब असतो तेवढा, आणि तोही एका थेंबासाठी.

आता आपण देतोय किती ते बघा. दोन विहिरींमध्ये १०० बारचा फरक आणि ५०० मीटर अंतर, म्हणजे मीटरला ०.२ बार. थेंबाची लांबी १०० मायक्रॉन धरली तर त्याच्या वाट्याला आले ०.००००२ बार. पाहिजे होते १.२. म्हणजे ६०,००० पट कमी पडतोय. कितीही मोठा पंप आणलात तरी ६०,००० पट दाब काही वाढत नाही, त्याच्या आधी खडक फुटेल. हा ओबडधोबड हिशोब आहे, थेंब लांबट असला तर आकडा खाली येतो, पण काही पटींनी येतो, हजारोंनी नाही.

मग दाब वाढत नसेल तर ताण कमी करा. भांडी घासताना आपण तेच करतो, नुसत्या पाण्याने तूप निघत नाही, साबण लावला की निघतं. चांगला सर्फॅक्टंट, म्हणजे साबणाच्या जातीचं केमिकल, ताण ३० वरून ०.००१ पर्यंत आणू शकतो, म्हणजे ३०,००० पट कमी. तिथे गणित जुळायला लागतं.

केमिकल म्हणजे नक्की कुठली?

तीन जुनी मंडळी आहेत. अल्कली, म्हणजे धुण्याचा सोडा किंवा कॉस्टिक सोडा, तेलात मुळातच थोडी आम्लं असतात त्यांच्याशी मिळून जागच्या जागी साबण तयार होतो, म्हणजे साबणाची भट्टीच खाली. दुसरा सर्फॅक्टंट, म्हणजे तयार साबणच समजा. तिसरा पॉलिमर, पाणी घट्ट करायला, कारण पातळ पाणी तेलाला बगल देऊन पुढे पळतं, दाट पाणी तेलाला समोरून रेटत नेतं. तिघांना एकत्र घातलं की त्याला एएसपी म्हणतात.

आपल्या देशात हे नवीन नाही. गुजरातेत सानंदला पॉलिमरचा पायलट, म्हणजे फील्डवरची छोटी चाचणी, १९८० च्या दशकातच झाला, विराज फील्डला एएसपीचा पायलट २००२ मध्ये. चीनमधल्या दाचिंगला १९९६ पासून पॉलिमर मोठ्या प्रमाणावर चालू आहे. अल्कलीची एक खोड मात्र सांगून ठेवतो, खाऱ्या आणि कॅल्शियमवाल्या पाण्यात ती पटकन पांढरा गाळ धरते, गिझरच्या कॉइलवर धरतो तसा. त्यामुळे चुनखडक आणि समुद्राचं पाणी एकत्र असलं की अल्कली म्हणजे घरात आणलेलं भांडण.

राजस्थानात पॉलिमर एवढा चाललाय, मग घट्ट खडकात का नाही चालत? माझ्या मुलाच्या प्रोजेक्टला सरांनी हेच दिलंय.

वहिनी, सरांना विचारा खडक किती मिलिडार्सीचा धरलाय.

बाडमेरचं मंगला फील्ड २००४ मध्ये सापडलं, २००९ मध्ये उत्पादन सुरू झालं, आणि २०१४-१५ पासून पूर्ण फील्डवर पॉलिमर. पण तिथला वाळूखडक डार्सीच्या घरातला आहे, तेल मेणकट आणि दाट. पॉलिमरला हीच जागा लागते: मोठी भोकं आणि पाण्यापेक्षा दाट तेल.

पॉलिमर म्हणजे बहुतेक वेळा एचपॅम, त्याचा एकेक रेणू म्हणजे लाखो कड्यांची साखळी, पाण्यात ती लोकरीच्या गुंड्यासारखी फुगते. गुंडा साधारण ०.२ ते ०.५ मायक्रॉनचा. घट्ट खडकातला गळा एक मायक्रॉनचा किंवा त्याहून लहान. गळ्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी वस्तू आली की दोन-तीन मिळून कमान करतात आणि वाट बंद, गणपतीच्या एसटीच्या दारात तीन बॅगवाले एकदम शिरले की होतं तेच. दारात जागा असते, पण कोणीच आत जात नाही.

माझा स्वतःचा किस्सा सांगतो, नोकरीचं दुसरं वर्ष, लॅब वेगळी होती, नाव नको. दोन मिलिडार्सीचा चुनखडकाचा प्लग, म्हणजे गोल कापलेला तुकडा, दीड इंच व्यासाचा, बोटभर लांब. तो आधी टोल्युइनने धुतला, खाऱ्या पाण्याने भरला, मग तेलाने भरला, मग तेलात बुडवून ओव्हनमध्ये चार आठवडे ठेवला म्हणजे खडकाला खालच्यासारखी तेलाची सवय लागावी. चार आठवडे! आणि मग मी घाईघाईत पॉलिमर कालवला. पॉलिमरची पावडर पाण्यात भोवरा करून त्याच्या कडेला चिमटी चिमटीने सोडायची असते, नाचणीच्या आंबिलाचं पीठ सोडतो तशी, नाहीतर गुठळ्या होतात, बाहेरून चिकट आणि आत कोरडं पीठ. आमच्याकडे त्यांना फिश आय म्हणतात, आणि दिसतातही तशाच, उकडलेल्या बांगड्याच्या डोळ्यासारख्या. मी पावडर ओतली. वरून गाळणीही नीट लावली नाही. पंप सुरू केला, दाब १० बार, ३०, ७०, मला वाटलं वा काय रेझिस्टन्स आहे, रिपोर्टला मस्त ग्राफ येणार. शंभराच्या पुढे काटा गेला आणि प्लगभोवतीची रबरी नळी फाटली, बाहेरचं हायड्रॉलिक तेल आत. प्लग बाहेर काढला तर तोंडावर मिलिमीटरभर जेलीचा थर, आणि आत केमिकलचा पत्ता नाही. सगळं दारातच.

खालीही हेच होतं, फक्त तिथे प्लग बाहेर काढून बघता येत नाही, विहीर दिवसेंदिवस कमी पाणी घ्यायला लागते आणि वर मीटिंगा सुरू होतात. आखूड साखळीचा पॉलिमर वापरून बघतात, पण आखूड केला की पाणी घट्ट होत नाही, मग घालायचा कशाला. त्यात समुद्राच्या पाण्यातलं मीठ गुंडा आक्रसवतं, घट्टपणा आणखी उतरतो. आणि इंजेक्शनच्या तोंडाशी वेग जास्त असतो तिथे साखळ्या तुटतात त्या वेगळ्याच.

मग घट्ट खडकात चालतं काय?

हा खरा प्रश्न आणि मला याच्यावरच बोलायला आवडतं.

घट्ट चुनखडकांत बरेचदा बारीक भेगा असतात. मारलेलं पाणी भेगांनी सुसाट जातं, पलीकडच्या विहिरीत निघतं, आणि मधले खडकाचे ठोकळे तेलाने भरलेलेच राहतात. ढकलून ठोकळ्यात शिरता येत नाही. मग एकच उपाय, ठोकळ्याने स्वतःहून पाणी आत ओढून घ्यायला हवं आणि तेल बाहेर टाकायला हवं. समईची वात तेल कसं वर ओढते, कोणी ढकलत नाही ना? तसंच. याला इम्बिबिशन म्हणतात, आणि जेवढी छिद्रं बारीक तेवढी ओढ जोरात. म्हणजे वर ज्या ताणाने थेंब अडकवला तोच ताण इथे आपल्या बाजूने काम करतो. शत्रू कोण आणि मित्र कोण हे खडकावर ठरतं.

पण यात मेख आहे. चुनखडकाला वर्षानुवर्षं तेलाची सवय झालेली असते, त्याच्या अंगाला तेल चिकटलेलं. अशा खडकावर पाणी म्हणजे अळवावरचं पाणी, घरंगळून जातं, आत शिरतच नाही. म्हणून इथे सर्फॅक्टंट घालतात तो ताण मोडायला नव्हे, तर खडकाचा स्वभाव बदलायला, म्हणजे अळूच्या पानाचं टिपकागद करायला.

आणि म्हणूनच ताण एकदम हजारो पट खाली आणणारा जबरदस्त साबण इथे उलटा पडू शकतो. ताणच राहिला नाही तर ओढणार कोण? वात मेली. मग फक्त तेल हलकं आणि पाणी जड एवढ्यावर काम चालतं, ते फार हळू, लहान ठोकळ्यात तर नावालाच. पुष्कळ लोक सर्फॅक्टंट निवडताना ताणाचा आकडा सगळ्यात लहान असेल तो उचलतात कारण तसं जुन्या पुस्तकात लिहिलंय, पण ते मोकळ्या वाटेच्या वाळूखडकासाठी लिहिलेलं आहे. घट्ट खडकाला बेताचा ताण आणि पूर्ण बदललेला स्वभाव, हे जास्त पचतं असं माझं मत आहे.

हे मोजायला ॲमॉट सेल नावाची काचेची बाटली असते, खाली पोट, वर खुणा केलेली बारीक मान. तेल भरलेला खडक आत ठेवायचा, केमिकलचं पाणी भरायचं, ओव्हनमध्ये ठेवायचं आणि वाट बघायची. काही ढकलायचं नाही. नुसतं खारं पाणी भरलं असेल तर काहीच होत नाही. योग्य केमिकल असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खडकाच्या अंगावर घाम सुटावा तसे काळे थेंब दिसायला लागतात, मोठे होतात, एकेक सुटून मानेत जाऊन बसतो. बाटलीला हलकी टिचकी मारली की चिकटलेले थेंब सुटतात. रोज सकाळी मानेवरची खूण वाचायची, असे वीस-तीस दिवस. कंटाळवाणं काम आहे असं सगळे म्हणतात. मला नाही वाटत.

नुसतं पाण्यातलं मीठ कमीजास्त करूनही तेल वाढतं म्हणे, खरं का?

खरं आहे, पण सगळीकडे नाही.

नॉर्वेच्या समुद्रातलं एकोफिस्क फील्ड बघा, १९६९ मध्ये सापडलं. तिथला खडक म्हणजे शब्दशः खडू. पोकळी ३० ते ४० टक्के, पण पर्मिॲबिलिटी जेमतेम काही मिलिडार्सी, आपली विहिरीतली चिकणमाती आठवा. तेल काढत गेले तसा खडू दाबला गेला आणि समुद्राचा तळच कित्येक मीटर खचला, इतका की १९८७ मध्ये प्लॅटफॉर्म जॅकने ६ मीटर वर उचलावे लागले. त्याच वर्षी समुद्राचं पाणी मोठ्या प्रमाणात मारायला सुरुवात केली, आणि ते पाणी अपेक्षेपेक्षा बरंच चांगलं चाललं. नंतर लॅबमध्ये दिसलं की समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे तिघं मिळून गरम खडूच्या अंगावरचं तेल सोडवतात. म्हणजे साधं समुद्राचं पाणी तिथे केमिकलचं काम करत होतं.

वाळूखडकात उलट, तिथे कमी खारं पाणी मारतात. ब्रिटनमध्ये शेटलंड बेटांच्या पश्चिमेला क्लेअर रिज म्हणून फील्ड आहे, २०१८ मध्ये सुरू झालं, तिथे प्लॅटफॉर्मवरच समुद्राचं पाणी गोडं करायची सोय आहे.

पण सल्फेटवालं पाणी आणि खालच्या पाण्यातलं बेरियम किंवा स्ट्रॉन्शियम भेटलं तर दगडासारखा थर धरतो, पाइपच बंद. आणि सल्फेट खाणारे जीवाणू खाली वाढले तर सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू. एकाला औषध ते दुसऱ्याला विष, म्हणून आधी पाण्याचं रक्त तपासायचं.

रिठा चालेल का? आपल्याकडे भरपूर आहे.

हसू नका, आत्येने विचारलंय आणि प्रश्न बरोबर आहे. रिठ्यातलं सॅपोनिन हा नैसर्गिक सर्फॅक्टंटच आहे आणि त्यावर लॅबमध्ये प्रयोग झालेत. फेस येतो, ताणही कमी होतो. पण हजारपट कमी होत नाही, आणि मुख्य अडचण मालाची, पुढचा प्रश्न वाचा.

किती केमिकल लागतं?

मी माझ्या ट्रेनींना हाच हिशोब घालतो. एक किलोमीटर लांब, एक रुंद, १० मीटर जाड खडक घ्या. १५ टक्के पोकळी, म्हणजे पोकळीचं घनफळ १५ लाख घनमीटर. त्याच्या ३० टक्के एवढंच केमिकलचं पाणी मारायचं, ०.३ टक्के सर्फॅक्टंटचं, तर लागले १३५० टन. दहा टनी ट्रक धरले तर १३५ ट्रक. ठीक आहे, जमेल.

आता दुसरी बाजू. खडकाला सर्फॅक्टंट चिकटतो आणि चिकटलेला पुढे जात नाही. त्या ठोकळ्यात घन खडक भरतो साधारण २ कोटी ३० लाख टन. ग्रॅमला फक्त ०.२ मिलिग्रॅम चिकटला, आणि हा आकडा चांगला मानतात, तरी ४६०० टन खडकाने खाल्ले. आपण घातले होते १३५० टन. म्हणजे वाटेतच संपले, पलीकडे काहीच पोचलं नाही!

हे गणित केल्यावर पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात. म्हणून चुनखडकात कुठला सर्फॅक्टंट हे फार जपून ठरवतात. चुनखडकाच्या अंगावर नेहमीच्या स्थितीत धन भार असतो, ऋण भाराचे साबण त्याला चुंबकासारखे चिकटतात, तर धन भाराचे कमी चिकटतात आणि खडूवर चांगलं काम करतात असं दिसलंय, पण ते महाग. आणि म्हणूनच घट्ट खडकात सगळा ठोकळा धुवायच्या नादाला न लागता एकाच विहिरीत केमिकल मारून, विहीर काही दिवस बंद ठेवून, त्याच विहिरीतून तेल काढायची पद्धत लोकांना परवडते. हफ अँड पफ म्हणतात तिला. घ्या, मुरू द्या, काढा. लोणच्यासारखं.

आणि हा माल समुद्रात न्यायचा. प्लॅटफॉर्मवर जागा मोजकी, वजन मोजकं, जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला, सप्लाय बोट कधी लागेल कधी नाही. त्याआधी ट्रक बंदरापर्यंत यायला हवा, आणि आपला हायवे तर तुम्हाला माहीतच आहे.

नॅनो वगैरे काय नवीन?

सिलिकाचे दहा-वीस नॅनोमीटरचे कण, पॉलिमरच्या गुंड्यापेक्षा बरेच लहान, त्यामुळे गळ्यातून जातात. लॅबमध्ये निकाल छान येतात. खाऱ्या गरम पाण्यात ते एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात ही पंचाईत. मी स्वतः दोनदा केलंय, दुसऱ्या दिवशी बाटलीच्या तळाला दह्यासारखं बसलेलं होतं.

हे म्हणजे ते फ्रॅकिंगच ना?

नाही. फ्रॅकिंगमध्ये मुद्दाम इतका दाब देतात की खडक फुटून नवी भेग पडावी, मग भेगेत वाळू भरून ती उघडी ठेवतात. इथे खडक फुटू नये याची काळजी घेतो, कारण फुटला तर केमिकल भेगेने पळून जातं. फ्रॅकिंग केलेल्या विहिरीतही नंतर सर्फॅक्टंट मुरवतात, तेव्हा दोन्ही एकत्र येतात, तो भाग वेगळा.

पावसाळ्यात किनाऱ्याला डांबराच्या गोळ्या येतात त्या यानेच का? आणि मासळीला काय होतं?

गोळ्या जुन्या आहेत, इंजेक्शनच्या केमिकलच्या नाहीत, त्या सांडलेल्या खनिज तेलाच्या असतात, जहाजांनी टाक्या धुतल्या, गळती झाली, अपघात झाला की लाटांत तेल घुसळून गोळे होतात आणि नैर्ऋत्य वारा ते आपल्या अंगणात आणून टाकतो. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया या दोन जहाजांची टक्कर झाली तेव्हा उरण-अलिबागपर्यंत काय झालं ते ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

केमिकलचा प्रश्न मात्र टाळण्यासारखा नाही. ते मारलं जातं हजार मीटरच्या खाली, तिथून आपोआप वर यायला वाट नाही. पण तेलाबरोबर वर येणाऱ्या पाण्यात ते उरतं, आणि त्या पाण्याचं काय करता हा खरा प्रश्न. सर्फॅक्टंट असलेलं पाणी तेलापासून सहज वेगळं होत नाही, दूध-पाण्यासारखं एकजीव राहतं. सर्फॅक्टंट माशांच्या कल्ल्यांना आणि पिल्लांना त्रासदायक आहेत. पॉलिमर स्वतः फारसा विषारी नाही पण कुजायला फार वेळ घेतो, आणि तो ज्यापासून बनतो ते ॲक्रिलअमाइड विषारी आहे, म्हणून ते किती शिल्लक आहे हे तपासावं लागतं. सरळ मार्ग एकच, आलेलं पाणी साफ करून परत खालीच मारायचं. त्याला खर्च येतो. कोळी बांधवांनी कोणालाही विचारायचं असेल तर "केमिकल कुठलं" यापेक्षा "वर आलेलं पाणी कुठे जातं" हे विचारावं, उत्तर देणारा किती चुळबुळ करतो त्यावरून बरंच कळेल.

नाणार, बारसू याच्याशी काही संबंध?

नाही. ती रिफायनरीची गोष्ट, म्हणजे निघालेलं तेल शुद्ध करायची. मी सांगतोय ते तेल खडकातून निघायच्या आधीचं. त्या विषयावर घरात दोन गट आहेत आणि मला जेवायला दोन्ही घरी जायचं असतं.

आपल्या जमिनीखाली तेल असेल का? आमच्या विहिरीवर तवंग येतो.

तवंगाला काठी लावून बघा. फुटून काचेच्या तुकड्यांसारखा झाला आणि परत जुळला नाही तर तो लोखंडाचा आणि जीवाणूंचा, जांभ्यात लोखंड भरपूर. फिरून परत एक झाला तर तेलाचा, आणि मग आधी स्वतःचा डिझेल पंप तपासा. कोकणात जमिनीवर कुठेही तेलाचं फील्ड नाही. आपल्याखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हाचा काळा कातळ आहे, तेल सापडलंय ते बाहेर समुद्रात, लाव्हानंतर साचलेल्या गाळाच्या आणि चुनखडीच्या थरांत.

पेपरात वाचलं की अमुक केमिकलने ७० टक्के तेल निघालं. मग आपण आयात का करतो?

आपण ८० टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो, आणि ते ७० टक्के निघालं होतं बोटभर तुकड्यातून.

तुकड्याला चारी बाजूंनी केमिकल लागतं. खाली दहा मीटरचा ठोकळा असला तर केमिकल फक्त बाहेरून लागतं आणि आतपर्यंत मुरायला वेळ लांबीच्या वर्गाने वाढतो. म्हणजे पाच सेंटिमीटरच्या तुकड्याला २० दिवस लागले तर एक मीटरच्या ठोकळ्याला ८००० दिवस. बावीस वर्षं! हे गणित सगळ्या रिपोर्टांत असतं, पण पान क्रमांक ८७ वर. भेगा जवळ जवळ असतील तर ठोकळे लहान आणि काम लवकर, म्हणून फील्ड निवडताना मी केमिकलच्या आधी विचारतो की भेगा किती अंतरावर आहेत. सरकारने २०१८ मध्ये जास्तीचं तेल काढायच्या पद्धतींना सवलती देणारं धोरण आणलंय, त्यात आधी खडकाची तपासणी आणि पायलट असा क्रम आहे, तो मला योग्य वाटतो. पायलटला दोन-तीन वर्षं जातात म्हणून लोक ओरडतात, पण ८००० दिवसांपुढे ते काहीच नाही.

पोराला या लाइनला घालू का?

केमिस्ट्री आवडत असेल आणि वाट बघायची तयारी असेल तर जरूर. पनवेलला ओएनजीसीच्या संशोधन संस्था आहेत, अहमदाबादला रिझर्व्हॉयर, म्हणजे खालच्या तेलसाठ्यांवरची आहे, लांब जायला नको. पहिलं वर्ष मात्र खडक धुण्यात जाईल. टोल्युइनमध्ये खडक दिवसचे दिवस उकळत ठेवायचा, खालचं तेलाने तांबूस झालेलं टोल्युइन बदलायचं, पुन्हा ठेवायचा, आणि खडकातून खाली टपकणारं पाण्यासारखं स्वच्छ येईपर्यंत हेच. तीन दिवसांत झालं असं कोणी सांगितलं तर समजायचं की त्याने आत बघितलेलं नाही.